‘सर, ह्याला प्रो कबड्डीत घालायचंय’



दिवाळीच्या आधीची गोष्ट आहे. कॉलेज सुटलं होतं आणि मी जिमखान्याच्या खोलीत सामान मोजून ठेवत होतो. तेवढ्यात एक गृहस्थ आले. सोबत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला त्यांचा मुलगा. मुलगा आमच्याच संघातला, म्हणून ओळख होती. आई-वडील दोघंही दर वर्षी ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल नुकतीच हातात आलेली. एका मोठ्या शहरातल्या ॲकॅडमीनं फोनवर सांगितलं होतं की वर्षाची फी भरा, मुलाला प्रो कबड्डीपर्यंत पोचवायची जबाबदारी आमची.

“सर, ह्याला प्रो कबड्डीत घालायचंय. उचल आलीय हातात. भरू का?”

मी म्हणालो, “मामा, आधी बसा. पाणी घ्या.”

त्यांचं पाणी पिऊन झालं तरी मला उत्तर सुचलं नव्हतं. त्या दिवशी जे तुटक तुटक बोललो, ते आज जरा नीट मांडतो. असा प्रश्न फक्त माझ्याकडेच येतो असं नाही. अंबाजोगाई, केज, परळी, धारूर, कुठल्याही गावातल्या क्रीडाशिक्षकाला विचारा, त्याच्याकडेही असे मामा येऊन गेलेले असतात.

आधी त्या ‘घालायचंय’ या शब्दाचं बघू. आपण पोराला शाळेत घालतो, आयटीआयला घालतो. तिथं फॉर्म असतो, फी असते, जागा असते. प्रो कबड्डीत कुणी कुणाला घालू शकत नाही. तिथं संघ खेळाडू निवडतात, बहुतेकांना लिलावात बोली लावून आणि काही नवख्या मुलांना चाचण्यांमधून. जो कुणी पैसे घेऊन जागेची खात्री देतो, तो त्याच्या हातात नसलेली गोष्ट विकतोय. ॲकॅडमी चांगली असू शकते, तिथला प्रशिक्षक चांगला असू शकतो, खाणंपिणं, मॅट, व्यायामशाळा सगळं उत्तम असू शकतं. फी त्याचीच असते. लिलावाची नसते.

आता गणित. प्रो कबड्डी २०१४ साली आठ संघांनी सुरू झाली, २०१७ पासून बारा संघ आहेत. एका संघाला १८ ते २५ खेळाडू ठेवता येतात. सगळ्यांनी पंचवीस पंचवीस घेतले तरी १२ × २५ = ३००. आख्ख्या देशात तीनशे जागा, त्यातही इराणसारख्या देशांतले खेळाडू आले. हरियाणातल्या एकेका गावात किती पोरं मॅटवर उतरतात ते आपण टीव्हीवर ऐकतोच. हे गणित मी फळ्यावर लिहून दाखवतो. मुलाचं मन मोडावं हा त्यात हेतू नसतो. किती मोठ्या रांगेत उभं राहायचंय ते त्याला कळावं, एवढंच.

पैसा आहे, हे खरंच आहे. अलीकडच्या लिलावांत अ गटाची मूळ किंमत ३० लाख, ब गटाची २०, क गटाची १३ आणि ड गटाची ९ लाख रुपये होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली यू मुंबाला ३६ लाख ४० हजारांत मिळाला. एक हंगाम खेळला आणि २०१९ ला तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. मला यात पैशापेक्षा वेगळीच गोष्ट दिसते. एका वर्षात त्याची उंची वाढली नाही की दंड दुप्पट झाले नाहीत. फरक इतकाच की मधल्या काळात सगळ्यांनी त्याला एक आख्खा हंगाम खेळताना बघितलं.

उलट बाजूही मुलांना सांगावी. प्रदीप नरवालला २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाख मिळाले, तेव्हाचा तो विक्रम होता. २०२५ च्या लिलावात त्याच प्रदीपवर एकही बोली लागली नाही, आणि त्यानं निवृत्ती जाहीर केली. लीगमध्ये सर्वांत जास्त चढाई-गुण मिळवलेला खेळाडू, आणि त्याची ही गत. म्हणून पदवी पूर्ण करा म्हटलं की पोरं तोंड वाकडं करतात, तरी मी म्हणत राहतो.

पण मला मुख्य बोलायचंय ते याच्याही अलीकडच्या टप्प्याबद्दल. पोरगं लिलावापर्यंत पोचायच्या आधी त्याला कुणीतरी ‘बघितलेलं’ असावं लागतं. ते बघणं आपण कसं करतो?

एक दिवसाची निवड चाचणी. सकाळी दोनेकशे पोरं, उन्हं चढेपर्यंत उंची, वजन, एक धाव, मग सात-सात जणांचे संघ करून पाच-दहा मिनिटांचा खेळ. संध्याकाळी यादी. माझं स्पष्ट मत आहे की अशा चाचणीत शरीर कळतं, खेळाडू कळत नाही.

ही सवय आपल्याला भरतीनं लावली असं मला वाटतं. आपल्या भागात मैदानावर पळणारी निम्मी पोरं पोलीस भरतीची असतात. तिथं उंची १६५ सेंटिमीटर, मग १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५, एकूण ५०. भरतीसाठी ते ठीकच आहे, हजारो उमेदवारांना एकच माप लावायचं असतं. क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीतही उंची, वजन, तीस मीटर धाव, शटल रन, मेडिसिन बॉल फेक, उभ्या उड्या, आठशे मीटर अशा चाचण्या असतात. तिथं लहान लेकरं असतात, अजून त्यांचा खेळच ठरलेला नसतो, म्हणून तेही समजू शकतो. पण एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, जो सहा वर्षं कबड्डी खेळतोय, त्यालाही आपण टेपच लावायची?

इथं अमेरिकेचं उदाहरण देतो. तिकडं त्यांचा एक वेगळाच फुटबॉल आहे, हातात चेंडू घेऊन पळायचा, धक्काबुक्कीचा. त्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि नवे खेळाडू जवळपास सगळे कॉलेजांतून येतात. दर वर्षी एप्रिलच्या सुमाराला निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. बोली लागत नाही, संघ पाळीपाळीनं एकेक खेळाडू उचलतात. मागच्या हंगामात जो संघ तळाला त्याची पाळी साधारणपणे पहिली. अशा सात फेऱ्या. त्याआधी इंडियानापोलिस शहरात निवडक कॉलेज खेळाडूंना बोलावून मोजमाप होतं. चाळीस यार्ड म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर धाव, उभी उडी, लांब उडी, आणि सुमारे १०२ किलोचं वजन किती वेळा उचलतो ते.

आपल्या चाचणीसारखंच वाटतं ना? पण एक फरक मोठा आहे. तिथला नियम असा की शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय खेळाडू या निवडीला पात्रच होत नाही. म्हणजे तेवढी वर्षं तो बहुधा कॉलेजात खेळतो, त्याच्या सामन्यांचं चित्रीकरण होतं, आणि संघांची माणसं ते बघून, प्रत्यक्ष मैदानावर जाऊन, त्याच्या प्रशिक्षकांशी बोलून टिपणं काढतात. टेप येते सगळ्यात शेवटी.

आणि एवढं करूनही ते चुकतात. टॉम ब्रॅडी नावाचा खेळाडू मिशिगन विद्यापीठाचा. २००० सालच्या मोजमापात तो चाळीस यार्ड ५.२८ सेकंदांत पळाला, म्हणजे रडतखडत. त्याच्या आधी १९८ जण उचलले गेले, सहाव्या फेरीत १९९ वा नंबर त्याचा. पुढं त्यानं सात वेळा अजिंक्यपद जिंकलं. दुसरीकडं २००७ साली सगळ्यात पहिला उचललेला जामार्कस रसेल, धिप्पाड, हातात प्रचंड ताकद. तीन हंगामांत त्याचा खेळ संपला. तीन वर्षांचं चित्रीकरण बघून जर त्यांची ही गत, तर आपल्या दहा मिनिटांत काय दिवे लागणार?

आता माझी स्वतःची चूक सांगतो. सहा-सात वर्षं झाली असतील. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी संघ ठरवताना शेवटच्या जागेला दोन पोरं होती. एक सहा फुटाला टेकलेला, हात लांब, चढाईला गेला की समोरचे आपोआप मागं सरायचे. दुसरा साडेपाच फुटाचा, डाव्या कोपऱ्यात खेळणारा, बघायला काही नाही. मी उंच पोराला घेतलं. पहिले दोन सामने हलक्या संघांशी होते, त्यानं गुणांचा ढीग लावला आणि मी खूष. तिसऱ्या सामन्यात समोर चांगला कोपरारक्षक आला. पोराचा घोटा तीनदा धरला. त्यानंतर त्यानं चढाईच मागितली नाही. कर्णधार त्याच्याकडं बघायचा, तो माझ्याकडं बघायचा. आम्ही हरलो आणि साडेपाच फुटाचं पोरगं बाकावर बसून होतं. त्याला मी दोन वर्षं रोज सरावात बघत होतो. कोपऱ्यात तो किती शांत उभा राहतो हे मला ठाऊक होतं. तरी ऐनवेळी मी उंचीवर भुललो. पुढं त्यानं कबड्डी सोडली, भरतीची तयारी केली. आता तो पोलिसात आहे. भेटला की चहा पाजतो. त्या सामन्याचा विषय दोघंही काढत नाही.

तेव्हापासून मी एक वही ठेवतो. साधी दोनशेपानी. त्यात काय लिहितो ते सांगतो, कुणाला उपयोगी पडलं तर बघा.

चढाईपटूच्या नावापुढं नुसते गुण लिहून काही कळत नाही. किती चढाया केल्या, त्यातल्या रिकाम्या किती, आणि तिसऱ्या चढाईला काय झालं, हे लिहितो. पालकांसाठी सांगतो, सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. ही तिसरी चढाई समोरच्यालाही माहीत असते, सातही जण टपून बसलेले असतात. तिथं पोरगं काय करतं ते बघावं. आणि रिकामी चढाई म्हणजे वाया गेलेली चढाई नव्हे. संघ चार गुणांनी पुढं आहे, दोन मिनिटं उरलीत, अशा वेळी निदान रेषा ओलांडून तीस सेकंद खेळून सुखरूप परत येणारा पोरगा मला गुण आणणाऱ्यापेक्षा शहाणा वाटतो. निवड चाचणीत हे दिसतच नाही, कारण तिथं प्रत्येकाला आपलं दाखवायचं असतं.

दुसरं, पकडला गेल्यानंतरची पहिली चढाई. बाद होऊन बाहेर बसला, मग संघानं गुण मिळवून त्याला आत आणलं. आता तो त्याच कोपऱ्याकडं जातो का? घाईत जातो का? की मध्यरेषेजवळच घुटमळून परत येतो? मी या एका चढाईला वहीत वेगळा रकाना केलाय.

पकड करणाऱ्याचं बघणं आणखी अवघड. चांगला कोपरारक्षक बराच वेळ काहीच करत नाही. बोनससाठी पाय आत टाकला की कच्चा पोरगा झेपावतो आणि गुण देऊन बसतो. मुरलेला पोरगा तो बोनस सोडून देतो, पुढच्या चढाईला तोच पाय धरतो. शिवाय पकड एकट्याची नसते. एकानं घोटा धरला, पण शेजारचा मध्यरक्षक क्षणभर उशिरा आला तर चढाईपटू घसरत रेषेला हात लावतो. गुणपत्रिकेवर ज्यानं धरलं त्याचं नाव येतं. जो वेळेवर मदतीला धावला त्याचं कुठंच येत नाही. त्याचं नाव आपण लिहायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं कळायला दोन हंगाम लागतात. पहिल्या वर्षी नव्या पोराचा हुकमी डाव कुणाला माहीत नसतो. दुसऱ्या वर्षी तालुक्यातल्या सगळ्या संघांना माहीत झालेला असतो. आता त्यानं उन्हाळ्यात काही नवीन शिकलं का? उजवीकडूनच शिरणारा पोरगा डावीकडूनही शिरायला लागला का? जे पोरगं दुसऱ्या वर्षी बदललेलं दिसतं, त्याच्या नावाखाली मी लाल रेघ मारतो. हे एका दिवसात कोण ओळखणार? आपणच ओळखू शकतो, कारण ते पोरगं तीन वर्षं आपल्या डोळ्यांसमोर असतं.

मातीचाही मुद्दा आहे. आपली पोरं मातीत, अनवाणी शिकतात. चाचणी मॅटवर, बूट घालून. मॅटवर वळताना पाय वेगळा रुततो, ज्याला सवय नाही तो पहिल्या दहा मिनिटांत बावळट दिसतो. तो बावळटपणा खेळाचा नसतो, बुटांचा असतो. निवडणाऱ्याला हे सांगणारं कुणी हवं ना? अर्थात जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन चार-आठ दिवस मॅटवर सराव करून आणलं तर निम्मा प्रश्न सुटतो.

आमचे एक सहकारी माझ्याशी यावर भांडतात. म्हणतात, “तुमची वही म्हणजे तुमची नजर, आणि नजरेत आडनाव येतं, ओळख येते, गाव येतं. टेप आडनाव विचारत नाही.” त्यांचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही. निवडीत काय काय चालतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, पालकांनी तर जास्तच. म्हणूनच मी तोंडी शिफारशीच्या विरोधात आहे. “सर, पोरगं लई भारी आहे” याला काही अर्थ नाही. तारीख, समोरचा संघ, चढाया, गुण, पकडी असं लेखी असेल तर दुसरा माणूस ते तपासू शकतो, खोडू शकतो. आणि समोरचा संघ लिहायलाच हवा. हलक्या संघावरचे पंधरा गुण आणि तगड्या संघावरचे पाच, यांत माझ्या उंच पोराचा किस्सा आठवा. मी आता एक सामना त्या सहकाऱ्यांना लिहायला देतो, एक मी लिहितो. आमच्या दोघांच्या नोंदी जुळत नाहीत तेव्हा चहा जरा लांबतो.

विद्यापीठाच्या खेळाकडं आता वरूनही बघायला लागलेत, ही चांगली गोष्ट. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत अंतिम फेरी गाठलेल्या दोन संघांचे खेळाडू प्रो कबड्डीच्या लिलावाच्या यादीत घेतले गेले आहेत. म्हणजे कॉलेजचा संघ, तिथून विद्यापीठाचा संघ, हा रस्ता खरोखर आहे. ॲकॅडमीच्या फीपेक्षा तो स्वस्त आहे, एवढं तरी पालकांनी लक्षात घ्यावं.

पण या रस्त्यावर आपल्या जिल्ह्याची एक अडचण आहे. बाहेरच्या माणसाला ती सांगूनही पटत नाही. कॉलेजांच्या खेळांचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकाच वेळी येतात. दिवाळी झाली की ट्रक भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. योगेश्वरीच्या मार्गशीर्षातल्या नवरात्रात यात्रा भरते तेव्हा आमच्या संघातले दोन-तीन जण हमखास फडावर असतात. कोयता नवरा-बायकोचा असला तरी मोळ्या वाहायला, गाडी भरायला तरणा पोरगा लागतोच. चाचणीच्या दिवशी जो हजर नाही तो यादीत नाही. त्याची तीन वर्षं कुणी लिहून ठेवलेली नसतील तर तो जणू खेळलाच नाही.

आणि वयाची घाई तरी किती करावी? आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे बघा. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहून आला. क्रॉसकंट्री पळायला लागला २०१५ मध्ये, स्टीपलचेसकडं वळला २०१७ मध्ये, म्हणजे वयाच्या तेविशीत. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, पॅरिस ऑलिंपिकला अंतिम फेरी. अठराव्या वर्षी कुठल्या टेपनं त्याच्यात स्टीपलचेस मोजलं असतं?

मुलींचं तर वेगळंच दुखणं. प्रो कबड्डी पुरुषांची. २०१६ मध्ये मुलींच्या तीन संघांची छोटी स्पर्धा सोबत घेतली, तीही पुढं चालली नाही. आपल्या बीड जिल्ह्याची प्रियांका इंगळे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात भारताची कर्णधार होती, अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. अल्टिमेट खो-खो ही खो-खोची व्यावसायिक लीग २०२२ ला सुरू झाली, तीही पुरुषांचीच. तेव्हा मुलीच्या वडिलांनी “हिला कुठं घालू?” विचारलं तर माझ्याकडं आज उत्तर नाही. वही मात्र मुलींचीही ठेवतो.

परत त्या मामांकडं येतो. मी त्यांना फळ्यावर तीनशेचा आकडा लिहून दाखवला. मग वही काढली. मुलाच्या नावाची चार पानं होती, ती वाचून दाखवली. रिकाम्या चढाया, तिसऱ्या चढाया, परभणीच्या संघापुढचे सहा गुण, डावीकडून शिरायला अजून जमत नाही हेही. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. आपल्याबद्दल कुणी इतकं लिहून ठेवलंय हे त्याला माहीत नव्हतं. मामांना आकडे किती कळले ठाऊक नाही, पण त्यांनी एकच विचारलं, “मंग हे तुमी वर कुणाला दाखवता का?”

मला गप्प बसावं लागलं. तोपर्यंत मी ती कुणालाच दाखवली नव्हती.

उचलीचे पैसे त्यांनी ॲकॅडमीत भरले नाहीत. दिवाळीनंतर तिघंही गेले. मी चारही पानांची झेरॉक्स काढून विद्यापीठ संघाच्या प्रशिक्षकांना पाठवली, सोबत मोबाइलवर घेतलेले दोन सामने. चाचणीची तारीख कळल्यावर मुकादमाला फोन केला. तो आधी कुरकुरला, मग दोन दिवस सोडतो म्हणाला. पोरगं रात्रीच्या एसटीनं आलं, तळहाताला पाचटानं कापलेलं, पट्टी बांधून मॅटवर उतरलं. राखीवमध्ये नाव लागलं आणि ते पुन्हा फडावर गेलं. मार्चमध्ये पट्टा पडला की येईल, तेव्हा डावीकडून शिरायचा सराव सुरू करायचाय.